एकच घड

कोरोना बरा झाला, पण जाता जाता यमुनाबाईच्या डोळ्याची नस दुखावून गेला. तिला एकाचे दोन दिसू लागले. पिंपळगावच्या बागेत द्राक्षांची विरळणी करताना, म्हणजे घडातले जादा मणी छाटताना, तिची कात्री नसलेल्या घडावरच चालायची.

"अक्का, हवेचे मणी काढती का?" टोळीतल्या बाया हसायच्या. तीही हसायची, पण नजर सुधारली नाही तर हातचं काम सुटेल, ही धास्ती होतीच. डॉक्टरांनी एका डोळ्यावर पट्टी लावून तीन महिने धीर धरायला सांगितलं.

तीन महिने सरले, आज बागेतच तिनं पट्टी काढली. समोर एकच घड होता. नेमका मधला बारका मणी छाटून तिनं शेजारी काम करणाऱ्या सुनेच्या तळहातावर ठेवला.

"आत्याबाई, लय आंबट असंल हो!"

"असू दे गं. एकच हाय, ते बघ आधी."