मागच्या पेटीतला बारीक शाफ्ट

“आधी पुढची पेटी लो गिअरमध्ये टाका, मग मागची. आणि पाय बाजूला घ्या. गाडीला तिच्या चालीने जाऊ द्या!”

गॅरेजवाल्या मिस्त्रींचे हे शब्द अजून माझ्या लोखंडात घुमतात. मित्रांनो, मी एक जुनी ट्रान्सफर केस आहे, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी. मोडीत निघालेल्या एका गाडीतून मिस्त्रींनी मला काढले, रॉकेलने न्हाऊ घातले आणि दवाखान्याच्या गाडीत आधीपासून असलेल्या तशाच पेटीच्या पाठीशी जोडले.

पुढची पेटी वेग अडीचपट घटवी आणि जोर अडीचपट वाढवी. तो वाढलेला जोर घेऊन मी त्याला पुन्हा अडीचपट करी. सहापटीहून जास्त! चाके मात्र मुंगीच्या पावलांनी चालत.

गाडी चालवत मिस्त्रींच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना दाजीच म्हणत. शेजारी सिस्टर बसत, मांडीवर लशींचा गार डबा घेऊन. दर सोमवारी खडकाळ ओढ्यातून वरच्या वस्तीवर जायचे, हा त्यांचा नेम.

“ही गाडी चालते की विचार करते?” दाजी कुरकुरत.

“करू द्या हो विचार. पोचवते ना?” सिस्टर म्हणत.

सपाट रस्त्यावर मला कुणी विचारत नसे. कौतुक सगळे इंजिनाचे. मी आपली तेलात बुडून एकटीच फिरत राही. तरी सोमवारची वाट पाहण्यात सुख होते.

अशाच एका सोमवारी पुढचे चाक दोन दगडांत अडकले. दाजींना दम निघाला नाही. त्यांनी ॲक्सिलरेटर जरासा दाबला मात्र, आणि कडाड! माझ्यातून चाकांकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, तुटला. सिस्टरांना डबा घेऊन पायीच खाली यावे लागले.

“दाजी उतावळे,” लोक म्हणाले, “आणि ती पेटी भंगारातली!”

मिस्त्री गप्प राहिले. खरे काय ते त्यांना ठाऊक होते आणि मला. जोर सहापट झाला, पण शाफ्ट त्यांनी जुना बारीकच ठेवला होता. चपखल बसतोय ना, मग राहू दे, म्हणून.

माझी रवानगी गॅरेजातल्या बाकाखाली झाली. दुपारी उन्हाचा एक पट्टा माझ्यापर्यंत सरकत यायचा आणि मला न शिवता परत जायचा. आठ महिन्यांत मला भेटायला तेवढाच आला.

मग एके दिवशी सिस्टर गॅरेजात आल्या. “मिस्त्री, पायी जाईपर्यंत डबा गार राहत नाही. वरची चौदा मुलं लशीवाचून राहिलीत. बघा ना काहीतरी.”

दाजी दारातच उभे होते. “माझ्याकडे बघू नका, सिस्टर. मी उतावळा आहे म्हणे.”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “दाजी, चूक तुमची नव्हती. शाफ्ट बारीक होता. मला त्याच दिवशी कळलं होतं.”



“आठ महिने टोमणे मी खाल्ले, आणि तू तोंड शिवून बसलास?” दाजी तरातरा आत आले. “अरे, तुझ्या बहिणीनेसुद्धा सोडलं नाही मला!”

सिस्टरांना हसू आवरेना. मिस्त्रींनी मान वर केली नाही. “जाड शाफ्ट घडवून आणतो. येत्या सोमवारी तुम्ही वस्तीवर असाल, सिस्टर. माझा शब्द.”

मित्रांनो, कुणावर सहापट भार टाकाल, तेव्हा आधी त्याच्या आत डोकावून पाहा. तो सोसेल ना, एवढे प्रेमाने विचारा. आणि मोडलाच, तर त्याला अंधारात ढकलून देऊ नका. तिथे फार एकटे वाटते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सकाळीच आले. त्यांनी मला ओढून उजेडात ठेवले आणि अंगावरची धूळ हातानेच पुसली. शाफ्टचे दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून पिशवीत घातले, आणि कुणालाही हाक न मारता ते लेथवाल्याकडे निघाले.