रामकिशनचं बेट

रामकिशननं झाडाच्या बुंध्याखालच्या पोकळीत काठी खरवडली, तसा खेकडा बाहेर आला. चांगला परातीएवढा, निळसर काळा, पुढच्या दोन नांग्या सांडशीसारख्या. सटवाजी दोन पावलं मागं सरला आणि सून बघतेय हे ध्यानात येऊन एक पाऊल पुन्हा पुढं आला.

"ह्यो झाडावर चढतो, बा. नारळ फोडून खातो."

"मंजी आपल्या सरपंचावानीच. दुसऱ्यानं लावलेलं फोडून खायचं."

रामकिशन हसला. सिंधु हसली नाही. जहाजातून उतरल्यापासून ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या तोंडून एक प्रश्न यायचा होता, आणि तो येत नव्हता.

सासऱ्या-सुनेचं जहाजावरच ठरलं होतं. सिंधुची लेक पंचशीला गेल्या उन्हाळ्यात वारली. टँकरचं पाणी पोटात गेलं, हगवण लागली, आणि औशाला नेईपर्यंत बैलगाडीतच सगळं आटोपलं. दहा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात रामकिशन रस्त्याच्या कामावर म्हणून घर सोडून गेला तेव्हा ती रांगत होती. सटवाजीनं त्याला कळवायला कार्ड आणलं, मजकूरही लिहून घेतला. पण मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडायचा असतो, तेवढा त्याच्या हातून फाटला नाही. कार्ड घरातच राहिलं.

"मी सांगतो त्याला," सटवाजी जहाजावर म्हणाला होता.

"न्हाई मामा. त्यास्नी इचारू द्या. बाप हायत. इचारलं की मी सांगते."

घरी कोंडाबाईला, म्हणजे रामकिशनच्या आईला, मुलगा कुठं आहे हेच नीट उमगलं नव्हतं. त्याची कधीमधी चार ओळींची खुशाली यायची: मी बेटावर आहे, जंगल खात्यात राखणदार आहे, बरा आहे. कोंडाबाईला बेट म्हणजे बांबूचं बेट. "बेटात साप ऱ्हातेत, माणूस कशाला ऱ्हाईल?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. अखेर मुखेडकडचा एक माजी फौजी सुट्टीवर आला. ह्याच बेटावर त्याला सरकारनं जमीन दिलेली. परतताना तो दोघांना सोबत घेऊन आला, आणि सांगितल्याप्रमाणं पंचशीलाबद्दल त्यानं तोंडही बंद ठेवलं.

पायवाटेनं चालताना सटवाजीनं आपला माल मांडला.

"आपला जिल्हा बदलला, कळलं का? आता उस्मानाबाद न्हाई, लातूर. कचेऱ्या उघडायल्यात, शिपाई भरायलेत. चल तू गावाकडं."

"पाणी आलं का?"

"कलेक्टर आला. पाणी न्हाई."

रामकिशननं मग गावाची चौकशी केली. त्यात काही म्हणून सुटलं नाही. आईचे गुडघे झाले, विहिरीचा गाळ झाला, शांतम्माचं हॉटेल झालं, धोंडप्पाचा लंगडा बैलसुद्धा झाला. घरातलं एकच माणूस तेवढं सुटलं. सिंधु पदराचं टोक बोटाला गुंडाळत मागून चालत राहिली.

दाट झाडीत कुजक्या पानांचा, कमरेएवढा ढिगारा होता.

"ह्ये पाखराचं काम," रामकिशन म्हणाला. "कोंबडीएवढं असतं. अंडं ह्याच्यात पुरतं. पानं कुजत्यात, ऊब धरते. उबवायला बसत न्हाई."

"मग पिल्लाला भरवतं कोन?" सिंधुनं विचारलं.

"कोनी न्हाई. आपलं आपण उकरून भाईर येतं अन् जंगलात जातं."

"आई-बाप बघत न्हाईत?"

"ढिगारा राखत्यात. पिल्लू वळखत न्हाईत."

सटवाजीला एकदम खोकला आला. रामकिशन काठीनं ढिगाऱ्याच्या कडेची माती उगाच सारखी करत राहिला.

खोलीवर परतले तर पाऊस सुरू झालेला. तिथं तो रोजचाच. सिंधुनं सवयीनं पत्र्याच्या धारेखाली पातेलं ठेवलं.

"राहू दे," रामकिशन म्हणाला. "इथं पाणी कोन भरून ठेवतंय?"

पातेलं भरलं, वाहू लागलं. सिंधुनं भरल्या पातेल्याच्या काठावर तळहात दाबून धरला. बोटांमधून पाणी जात राहिलं. ती आत आली तेव्हा चूल पेटलेली होती आणि रामकिशन बापाला खेकड्यांच्याच गोष्टी सांगत होता.

जहाज परत निघायचा दिवस आला. तोवर रामकिशन सिंधुला राहा म्हणाला नव्हता, जा म्हणाला नव्हता. धक्क्यावर सटवाजीनं शेवटचं विचारलं,

"मग, येतोस न्हवं?"

"बघू, बा. तिकडं पाऊस पडू द्या."

मग त्यानं पिशवीतून करवंटीच्या दोन बांगड्या काढल्या. काळ्या, घासून घासून आरशासारख्या केलेल्या. एक आईला, एक सिंधुला. सिंधुनं तिथंच हात पुढं केला, बरोबर बसली. पिशवीत आणखी काही वाजत होतं. त्यानं ती तळहातावर उलटी केली. लहान लहान कडी पडली, एकाहून एक थोडं मोठं, सगळी अर्धवट घासलेली.

"पंचशीची," तो खाली बघत म्हणाला. "दर वक्ताला अंदाजानं करायला घेतली. तोवर पोरगी वाढली असंल वाटायचं, मग ऱ्हायची तशीच. आता केवढी झाली, सिंधु? माप सांग. नीट एक करतो."

सटवाजीनं मान वळवली आणि समुद्राकडं बघू लागला.

सिंधुचं तोंड उघडलं. नवऱ्याच्या हातावर कानशीचे बारीक ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं अंगठा आणि मधलं बोट जुळवून कडं केलं आणि त्याच्यापुढं धरलं.

रामकिशननं खिशातून दोरा काढला. तिच्या बोटांच्या आतून, त्या रिकाम्या जागेभोवती, तो हळूच फिरवला.

सिंधुनं बोटं जराशी फाकवली.

"सैल घ्या," ती म्हणाली. "वाढतं अंग हाय."