शिंगाचा पेला

तेल्वाशी लग्न केलं तर काय काय पदरात पडेल, याचा हिशेब सेलेदोनियोने लग्नाआधीच पुरता करून ठेवला होता. सात खेचरं, त्यांतली पाच तरणी. सासऱ्याची वाट, म्हणजे आमच्या पेन्यावेरा बंदरातून निघून घाटमाथ्यावरून कास्तीयाच्या मैदानात उतरणारी वाट, जिच्यावरच्या दर मुक्कामाला सासऱ्याचाच कुणीतरी भाऊबंद बसलेला. मासळीची वाहतूक फुकट. नाताळात माद्रिदच्या श्रीमंतांना लागणारा ताजा बेसुगो मासा इतर व्यापाऱ्यांच्या दीड दिवस आधी पोचणार, आणि दीड दिवसानं त्या माशाचा भाव किती पडतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय महिन्याला दोन हंडे लोणी. आणि हो, एक बायको. अंगानं दणकट, बोलायला कमी.

खर्चाच्या बाजूला एकच बाब होती. एक तुळई.

चेस्टनटच्या लाकडाची ही तुळई आमच्या चर्चच्या फरशीत आडवी बसवलेली आहे. तिच्यावर अक्षरं कोरली आहेत: ‘गुरंवाल्यांनी इथून पुढे येऊ नये.’ गुरंवाले म्हणजे डोंगरातले, तेल्वाच्या माहेरचे. हिवाळ्यात ते खालच्या वाड्यांवर असतात, मे उजाडला की गुरं, कोंबड्या, म्हाताऱ्या आणि पाळणे घेऊन वरच्या कुरणांत जातात. वर त्यांचा डोंगर, खाली आमचा समुद्र, मध्ये मक्याच्या शेतांची कोसभर रुंदीची पट्टी. मीठ आणि मासळी आमची, लोणी आणि खेचरं त्यांची, मका मधल्यांचा. तिघांपैकी कुणीही बाकीच्या दोघांवाचून महिनाभर तग धरणार नाही. तरी गुरंवाल्याने मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, तुळईच्या मागे उभं राहायचं, मेल्यावर दफनभूमीच्या उत्तर कोपऱ्यात पुरून घ्यायचं, आणि गुत्त्यात सगळे काचेच्या पेल्यातून पीत असताना आपण शिंगाच्या पेल्यातून प्यायचं. कारण विचाराल तर तीन माणसं चार कारणं सांगतील. त्यांचे पूर्वज मूर होते, लढाईतून पळाले होते, त्यांना महारोग होता. चौथं कारण असं की आजोबांच्या वेळेपासून असंच आहे.

“सेलेदोनियोची वरात बघितलीस?” लग्नाच्या दिवशी गुत्त्यात कुणीसं म्हणालं. “खेचरं पुढं आणि बायको मागं.”

सगळे खूप हसले. सेलेदोनियोही हसला. रात्री त्याने तेल्वाला सांगितलं, “एखाद्या वर्षात तुळईबद्दल फादरशी बोलतो.”

त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

घरात तेल्वाला कुणी वाईट बोललं असं नाही. मुळात फारसं कुणी बोललंच नाही. पहिल्याच दिवशी सासूनं, एउफ्रासियाने, दाराजवळ एक खिळा ठोकला आणि त्याला शिंगाचा पेला अडकवला. “काच फुटते गं,” ती इतक्या मायेनं म्हणाली की तेल्वाने तिचे आभार मानले. त्या पेल्याला घरातलं दुसरं कुणी हात लावत नसे. तेल्वाच तो धूत असे आणि पुन्हा खिळ्याला लावत असे.

रविवारी नवरा आणि मुलगी तुळईच्या पलीकडे जात, ती अलीकडे थांबे. हिवाळ्यात तिच्या बाजूला माहेरची माणसं तरी असत. आईच्या शालीला धुराचा वास येई, तो तिला पुरे. पण मे महिन्यात सगळे वर गेले की चर्चच्या त्या मागच्या भागात, जिथे दीडशे माणसं सहज मावतील, तिथे तेल्वा एकटी उभी असे. नऊ वर्षं तिने नवऱ्याची मान पाहिली, आणि मागाहून मुलीची वेणी. वेणी लांब होत गेली, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तारली भरपूर आली. वखारीत तेल्वा पिंपात मिठाचा एक थर, मासळीचा एक थर असं लावत बसली होती. तिची आठ वर्षांची मुलगी ओलिवा शेजारी उकिडवी बसून डोकी मोडून देत होती.

“तेल्वा, पोटं वर येताहेत,” सासू दारातून म्हणाली. “गाय कशीही बांधली तरी दूध देते, मासळीचं तसं नसतं.”

“हो, सासूबाई.”

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर घंटा वाजू लागल्या. गुरंवाले निघाले होते. तेल्वा हात न धुताच बाहेर गेली. पुढे तिचा बाप, मागे गायी; एका थोराड गायीच्या शिंगांमध्ये पाळणा बांधलेला, आत कुणाचं तरी नवं बाळ झोपलेलं. कुणाचं, हे तेल्वाला ठाऊक नव्हतं. तिची आई क्षणभर थांबली, खालच्या बाजूला बघून तिने हात हलवला आणि चालू लागली. गायी कुणासाठी थांबत नाहीत.

“आई, मीपण अशी शिंगांत बसून गेले होते?” ओलिवाने विचारलं.

“तू नाही. मी गेले होते.”

“पडली नाहीस?”

“तिथून नाही पडले,” तेल्वा म्हणाली.

दुपारी जेवताना सेलेदोनियोने मक्याचा पाव मोडता मोडता सहज विषय काढला.

“कॉर्पसच्या सणाला तू वर जाऊन ये.”

“वर कुठं?”

“कुठं म्हणजे? आईकडे. नऊ वर्षं मागे लागलीयस ना? तुझा भाऊ त्याच दिवशी पहाटे माल घेऊन निघतोय. एका खेचरावर तू बस. चांगली आठ दिवस राहा.”

तेल्वाचा चमचा थांबला. “त्या दिवशी ओलिवाचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे.”

“म्हणूनच म्हणतोय.” त्याने आवाज खाली आणला. “फादर आतिलानो म्हणाले, मुलगी बापाची. पुढे बसेल, सगळ्या मुलींबरोबर. पण मागे तू एकटीच उभी राहिलीस की लोकांच्या माना वळणार. पुढच्या महिन्यात नाखवांच्या मंडळाचा प्रमुख निवडायचाय, तेल्वा. एकच दिवस. एक दिवस दिसू नकोस, एवढंच.”

“सारखी माहेर माहेर करत होती,” सासू म्हणाली, “आता नेतोय तर तोंड उतरलं बघ.”

सौदा चोख होता, हे मानलंच पाहिजे. जे तिने नऊ वर्षं मागितलं, ते त्याने नेमकं अशा दिवशी देऊ केलं की ज्या दिवशी तिला ते घ्यावंसं वाटणार नाही. तेल्वाने ओलिवाकडे पाहिलं. पोरगी पुढे बसेल. तेल्वा म्हणाली, “जाते.”

पुढचे दिवस तिने पांढरा झगा शिवण्यात घालवले. आमच्याकडे रीत अशी आहे की ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादरांच्या हातची पवित्र भाकर, पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येक मुलीने घरातला सगळ्यात मोलाचा पेला बरोबर न्यायचा. नंतर वेदीपाशी फादर त्यात मध घातलेली वाईन घोटभर ओततात. एउफ्रासियाने दिराने हवानाहून पाठवलेला चांदीचा पेला राखेनं घासून लखलखीत केला.

“आजी, सगळ्यात मोलाचा म्हणजे कुठला?”

“ज्याला ऊठसूट कुणी हात लावायचा नसतो तो,” आजी चांदीत आपलं तोंड बघत म्हणाली.

कॉर्पसच्या पहाटे तेल्वाने मुलीची वेणी घातली, तिचं कपाळ हुंगलं आणि खेचरावर बसली. तिचा भाऊ नोलो पुढे चालत होता. पाऊण तास खेचरं चढत राहिली. मक्याची शेतं संपली, चेस्टनटची झाडं लागली.

“चौदा पेट्या तारली आणि एक बहीण,” नोलो मागे वळून म्हणाला. “पंधरावा नग. ताई, तुझी पोचपावती कुणाच्या नावानं घेऊ?”

ती हसली. मग खालून चर्चची घंटा ऐकू आली, आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. ती खेचरावरून उतरली.

“अगं, आई वाट बघतेय वर!”

“सांग तिला, उशीर होईल.”

ती चर्चमध्ये पोचली तेव्हा ख्रिस्तप्रसाद होऊन गेला होता. तो तिला दिसला नाही. ती आपल्या जागी, तुळईच्या मागे उभी राहिली. धाप लागलेली, एकटी. पुढे वेदीपाशी अकरा पांढऱ्या मुली पेले घेऊन ओळीत उभ्या होत्या. चांदी, काच, फुलांची चिनी माती. फादर सुरई घेऊन एकेकीपुढे थांबत होते. नवव्या मुलीपुढे ते थबकले.

ओलिवाने दोन्ही हातांनी शिंगाचा पेला धरला होता.

“हे काय आणलंस?”

“पेला.”

“घरात दुसरा नव्हता?”

“आहे ना, चांदीचा,” ओलिवा स्वच्छ आवाजात म्हणाली. “पण तो पाहुणे आले की सगळेच वापरतात. ह्याला कुणीच हात लावायचा नसतो. ह्याला वेगळा खिळा आहे. माझ्या आईचा आहे, म्हणून मी हळूच पिशवीत घातला.”

कुणीतरी हसलं, आणि आपण एकटेच हसतोय हे कळून गप्प झालं. एउफ्रासियाने शाल कपाळावर ओढली.

“सेलेदोनियो,” फादर म्हणाले, “मुलीला दुसरा पेला आणून दे.”

सेलेदोनियो उठला. त्याला तीनच शब्द बोलायचे होते: ‘ओता, फादर, यातच.’ पण त्याने आधी मंडळाच्या म्हाताऱ्या नाखवांच्या बाकाकडे पाहिलं, आणि त्या बाकाकडे पाहिल्यावर ते शब्द फार महाग पडतील असं त्याला दिसलं. “लहान आहे ती,” तो म्हणाला. “तिला कळत नाही.” आणि त्याने पेला काढून घ्यायला हात पुढे केला.

ओलिवाने पेला छातीशी धरला. “आजीनंच सांगितलं होतं!” तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या मागे पाहिलं. “आई! तू सांग ना ह्यांना!”

आमच्याकडे लाकडी जोडे घालून चालतात, त्यामुळे चर्चमध्ये कुणाचंही चालणं लपत नाही. तेल्वाने तुळईवर पाय ठेवला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मग पुढची पावलं. ती मुलीशेजारी येऊन उभी राहिली.

“फादर, ओतणार का?”

“रीत आहे, तेल्वा. मी केलेली नाही.”

“माहीत आहे. इथं कुणीच केलेली नाही. एकेकाला विचारून बघा.”

फादरांच्या हातातली सुरई वाकली नाही. तेल्वाने क्षणभर वाट पाहिली. नवऱ्याकडेही पाहिलं, तो तुळईकडे बघत होता. मग तिने मुलीचा हात धरला.

“नोलो खेचरं परत आणणार नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “ती माझी होती.”

दोघी मधल्या वाटेने बाहेर पडल्या. दारासमोरच्या झऱ्यावर तेल्वाने पेला भरला. ओलिवा प्यायली, मग तेल्वा प्यायली, आणि दोघी वरच्या रस्त्याला लागल्या. पांढऱ्या झग्याला चिखल लागत गेला तो वळणापर्यंत दिसत होता.

आता शेवटची बेरीज. सेलेदोनियोची सात खेचरं गेली, वाट गेली. त्या नाताळात त्याचा बेसुगो माद्रिदला इतक्या उशिरा पोचला की फेकून द्यावा लागला, आणि प्रमुखपदी दुसराच कुणी निवडून आला. पण आठ वर्षांनी रेल्वे घाट ओलांडून आली, खेचरांची गरजच सरली, आणि त्याचं नुकसान भरून निघालं. आता मंडळाचा प्रमुख तोच आहे. जेवायला एकटा बसतो. दाराजवळचा खिळा त्याने काढलेला नाही. त्याला काही अडकवतही नाही.

ओलिवाला वर कुरणात पोरं ‘माशाची शेपटी’ म्हणत. खाली तिला काय म्हणत, ते लिहिण्यासारखं नाही. पंधराव्या वर्षी ती हवानाच्या जहाजात बसली. पत्रं येतात; तेल्वाला वाचता येत नाही, आणि वाचून घ्यायला फादरांकडे जावं लागेल, म्हणून ती तशीच बंद ठेवलेली आहेत. तेल्वा हिवाळ्यात सगळ्यांबरोबर खाली उतरते, पण चर्चमध्ये पाऊल टाकत नाही. रविवारी मिस्सेच्या वेळी ती कड्यावर उभी राहून समुद्राकडे बघत असते. नऊ वर्षांची, सात खेचरांची, एका मुलीची सगळी किंमत तिने एकटीने भरली.

तुळई जागेवरच आहे. त्या कॉर्पसला चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाजूला दोनशे साठ माणसं बसली होती, मोजणाऱ्याला धरून. सुरई वाकत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. कुणीही उठून ‘ओता, फादर’ म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणी म्हटलं नाही. त्या दिवसापोटी आमच्यापैकी एकालाही, आजपर्यंत, काहीच भरावं लागलेलं नाही.