बंटीच्या पुढे चार, मागे चार

महागाव तालुक्यातल्या त्या वस्तीवरची शाळा टिकायला दहा पोरं लागत होती. वरून आलेल्या पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं. शाळेत होती नऊ. दहावं नाव उर्वशीचं. ती आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली, आणि ऊस काही पत्र वाचत नाही. शाळा मोडली की फुलसावंगी गाठायची. मधे नाला.

केंद्रप्रमुख विठ्ठलराव आज डोकी मोजायला येणार होते. शाळेच्या प्रभावतीबाईंनी विचार केला, वर्गात बसलेली पोरं कोणीही मोजेल. पळती पोरं मोजून दाखवा म्हणावं. त्यांनी मैदानात सूर्यमाला मांडली. हापशी म्हणजे सूर्य. अंगानं भरलेला बंटी म्हणजे गुरू. गुरूच्याच वाटेवर लघुग्रहांचे दोन घोळके असतात, ट्रोजन म्हणतात त्यांना. एक घोळका वर्तुळाच्या सहाव्या हिश्श्याइतका पुढे, दुसरा तेवढाच मागे. पुढचे गुरूच्या हाती लागत नाहीत, मागचे त्याला गाठत नाहीत. बाईंनी आठवडाभर घोटून घेतलं होतं.

खिचडी शिजवणाऱ्या शकुबाई म्हणाल्या, "साहेबानं एकाले दोनदा मोजलं की झालं. चहात साखर म्या जास्तच टाकली."

साहेब आले. शिट्टी वाजली. पोरं पळाली.

साहेबांचं बोट उठलं. पुढे चार. मधे बंटी. मागे चार. दुसरा फेरा, तेच. तिसरा, तेच. एरवी ही पोरं बकऱ्यांसारखी उधळायची. मोजणाऱ्याचा बाप चुकला असता. आज एकानंही जागा सोडली नाही.

बाई घायकुतीला आल्या. "अरे, मिसळा की जरा!"

"तसं नाही चालत, बाई!" बंटी पळता पळता ओरडला. "तुम्हीच तं सांगतलं!"

साहेबांनी शेरा लिहिला : अध्यापन उत्कृष्ट. हजर विद्यार्थी नऊ.

"असं शिकवणारं तालुक्यात कोणी नाही हो, बाई," ते अगदी मनापासून म्हणाले. चहा संपवला, फटफटीला किक मारली.

शकुबाईंनी कप उचलला. "इतकं चांगलं कायले शिकवलं वं माय?"

मैदानात गुरू घामाघूम झाला होता.

"बाई, थांबू काय?"

शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि खाली आली.

"नको रे. अजून एक फेरा."