घरच्या माणसाची स्लाइड

घरच्या माणसाची स्लाइड आपण तपासायची नाही, हा त्या पॅथॉलॉजी लॅबचा नियम. तो सगळ्यांना कडकपणे पाळायला लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच एका दुपारी, बाकीचे जेवायला गेलेले पाहून, मोठ्या मॅडमच्या टेबलावरचा ट्रे उघडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारणही तसंच होतं म्हणा. स्लाइड त्यांच्या धाकट्या नणंदेची होती. नणंद ड्रायव्हिंग स्कूल चालवायची आणि घरही तसंच चालवायची, शेजारी बसून दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवून. तिच्या मानेत कॅन्सरची गाठ होती. प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध सुरू केलं, तर गाठ कमी व्हायची सोडून वाढली. वर ताप आणि अंगभर खाज. रोग परवडला पण इलाज नको, असं जाहीर करून नणंदेने अट घातली. औषध लागू पडतंय हे सिद्ध करा, नाहीतर पुढची सुई मी घेणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला परोपरीने समजावलं होतं. गाठ फुगते ती दर वेळी कॅन्सर वाढल्यामुळेच असं नाही. कधीकधी शरीराच्या रक्षक पेशी आत घुसतात, त्यांच्या गर्दीनेही फुगते. मग चांगलंच की, नणंद म्हणाली. तिथेच तर मेख होती. काही रक्षक पेशींना गाठ स्वतःच बोलावून घेते आणि फितवते. मग त्या तिचीच चाकरी करतात, तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या उभ्या करतात, मारेकरी पेशींची वाट अडवतात आणि गाठ पोसली जाते. आत नेमकं कोण शिरलंय ते बाहेरून कळत नाही. म्हणून गाठीचा तुकडा काढला होता आणि त्याच्या दोन स्लाइड केल्या होत्या. एकीत फितूर पेशी तपकिरी दिसणार होत्या, दुसरीत मारेकरी.

बाईंनी ट्रेमधली पहिली स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली. जिकडेतिकडे तपकिरी. त्या लॅबमध्ये फितुरांची स्लाइड नेहमी पहिली ठेवत. बाईंनी घाईत नाव तेवढं वाचलं, स्लाइड कोणत्या पेशींची ते सांगणारी खालची खूण पाहिलीच नाही. दुसरी स्लाइड बघायचा धीर झाला नाही.

तशाच त्या नणंदेकडे गेल्या. ती गाडीत बसून पुढच्या शिकाऊ बाईंची वाट बघत होती. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या.

"तुझंच बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "औषध थांबवू या."

हवं तेच कानावर पडलं होतं, तरी नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. तिला जगायचं होतं, अगदी खूप जगायचं होतं, आणि ते बाईंना तेव्हा कुठे कळलं.

इतक्यात मॅडमचा फोन आला. आपल्या ट्रेला हात कोणी लावला ते उद्या बघू, असं आधी बजावून त्या म्हणाल्या, "तुझ्या जिवाला घोर लागलाय म्हणून मारेकऱ्यांची स्लाइड मी आधी बघितली आणि पहिलीच ठेवली. खच्चून भरल्यात गं! फितूर अगदी तुरळक. कॅन्सरच्या पेशी शोधाव्या लागल्या, त्याही मरणाला टेकलेल्या."

बाईंना रडू आवरेना. रडतारडताच त्यांनी नणंदेला सगळं सांगितलं, ट्रे उघडल्याचंही.

"म्हणजे औषध लागू पडलंय?"

"पडलंय."

"आणि मघाशी थांबवू या म्हणाली ती कोण?"

"मीच ती गाढव."

नणंद हसायला लागली. तिने बाईंचा हात घट्ट धरला.

"वहिनी, पुढची सुई कधी आहे?"

"परवा."

"परवापर्यंत कोण थांबतंय? विचार ना, आज देतात का," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.