तळ्याकाठचा सहाचा निरोप

सौदीतल्या ताइफ शहराच्या वरच्या डोंगरात धरणाचे एक तळे आहे. आपल्या मराठी कुटुंबांतील बारा मुलांना तेथे एका मुक्कामासाठी नेण्याचे काम माझ्याकडे आले. रुग्णालयातील यंत्रे मी तीस वर्षे सांभाळली आहेत, आणि तंत्रनिकेतनात लागलेली सवय अशी की आधी जागा पाहायची, मगच आराखडा करायचा. त्याप्रमाणे महिनाभर आधी जाऊन वाऱ्याची दिशा, सपाट जमीन, फोनची रेंज, सारे वहीत टिपून आणले. दोन नियम केले. तळावरून कोणी एकटे बाहेर जायचे नाही. आणि संध्याकाळी सहाला मी प्रत्येक घरी खुशालीचा निरोप पाठवायचा.

निघताना आमच्याच रुग्णालयातील परिचारिका रईसाबाई यांनी मला बाजूला घेतले.

"हरीशभाऊ, माझ्या अफशाँला पुण्याला हॉस्टेलात पाठवू की नको, ते या दोन दिवसांवर ठरवणार आहे. कशी राहिली ते खरंखरं सांगा."

दुपारनंतर वारा सुटला आणि आम्ही सगळे तंबूंच्या मागे लागलो. सहाच्या ठोक्याला फोन काढला, तर रेंज मुळीच नाही. मागच्या खेपेस मी ती वर रस्त्यावर, गाडीपाशी उभा राहून पाहिली होती. तळे मात्र खाली खोलगट भागात. मुले मोजली. अकराच भरली.

"अफशाँ कुठे आहे?"

"वर गेली, काका!" सिद्धार्थ तंबूचा दोर दोन्ही हातांनी धरून ओरडला. "रेंज शोधायला."

दोघा मुलांना घेऊन मी चढू लागलो, तोच ती उतारावरून येताना दिसली.

"निरोप पाठवला, काका. सगळ्या आयांच्या ग्रुपवर. बरोबर सहाला."

"एकटी का गेलीस? सिद्धार्थला न्यायचं होतंस."

"त्याने दोर सोडला असता तर तंबू जेद्दाला पोचला असता."

"मीपण पोचलो असतो, फुकटात!" खालून सिद्धार्थ म्हणाला. सगळे हसले. अफशाँ हसली नाही.

"अम्मीला सांगणार?"

"त्यांनी विचारलंय. सांगावं लागेल."

"मग हॉस्टेल खलास," एवढेच म्हणून ती तळाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरी सोडले आणि दारातच, तिच्यासमोर, रईसाबाईंना सर्व क्रमाने सांगितले. आधी रेंजची माझी चूक, मग तिने मोडलेला नियम. त्या अफशाँकडे वळल्या.

"एकटी चढलीस? न सांगता?"

"सिद्धार्थला सांगून गेले, अम्मी."

"काकांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी जाऊ दिलं नसतं. आणि त्यांचे गुडघे दुखतात."

"निरोप आला नसता तर मी ड्यूटी सोडून डोंगर चढले असते," रईसाबाई मला म्हणाल्या. "तुम्ही चूक लपवली असती तरी मला कळलं नसतं, भाऊ."

"तिच्यामुळे निभावलं," मी म्हणालो. "मी तिचा ऋणी आहे."

त्या आत जाऊन हॉस्टेलचा अर्ज घेऊन आल्या. सारा भरलेला होता. स्थानिक पालकाची जागा तेवढी रिकामी होती.

"पुण्यात तुमची बहीण असते ना? चालेल त्यांना?"

मी तेथेच सुधाला फोन लावला. तिचे "अगदी आनंदाने" सर्वांना ऐकू आले. मग दाराच्या चौकटीवर कागद टेकवून, नकाशावर लिहितात तशा सुट्या अक्षरांत मी त्या रिकाम्या जागी सुधाचे नाव लिहिले. अफशाँ माझ्या खांद्यावरून प्रत्येक अक्षर वाचत होती.