डाव्या हाताची भिंत

बजाबाई परत येईल की नाही, या एका प्रश्नावर माझी सहा वर्षं गेली. गेली म्हणजे मीच घालवली. भिंतीला कागद चिकटवणारा धोंडीराम म्हटलं की सोलापुरात नवी पेठेपासून मिलच्या बंगल्यांपर्यंत मला ओळखायचे, आणि असं नाव झालेल्या माणसाला रुसून गेलेल्या बायकोच्या मागं तिच्या माहेरी जाणं कमीपणाचं वाटतं. आपणहून गेली आहे, आपणहून येईल, असं म्हणत मी बसून राहिलो.

कागद म्हणजे लिहायचा नव्हे. विलायतेहून गुंडाळ्या यायच्या. एखाद्या कागदावर रेशमाचा पोत उठवलेला, एखाद्यावर वेताची चटई, एखाद्यावर झाडाची साल. एकावर तर चक्क तळं आणि पलीकडं निळे डोंगर. हात फिरवला की खोटेपणा कळायचा, पण साहेबांच्या दिवाणखान्यात भिंतीवरून हात फिरवतो कोण? मी मैद्याची खळ शिजवायचो, कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचो आणि दोन कागदांचा जोड असा बसवायचो की बघणाऱ्यानं नाक लावून शोधावा. त्या जोडाचा मला फार तोरा होता.

माझी बायको बजाबाई करमाळ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. ती डावखुरी होती. जेवताना, दिवा लावताना, कुंकू लावताना उजवा हात वापरायचा, एवढं तिच्या आईनं मारूनमुटकून शिकवलं होतं. पण भिंत सारवायला घेतली की हात आपोआप बदलायचा. पांढरी माती, शेण आणि ज्वारीचं भूस कालवून ती भिंतीवर बोटांच्या कमानी ओढायची, एकीला लागून एक, पार आढ्यापर्यंत. कमानी सगळ्याच बायका ओढतात. पण त्यांच्या एका बाजूला कलतात आणि हिच्या दुसऱ्या. त्यात लहानपणी जात्याखाली सापडून तिची करंगळी वाकडी झालेली. त्यामुळं प्रत्येक कमानीची शेवटची रेघ बारीक उमटायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बजाबाईची भिंत शंभरांत ओळखू येते. मला ती भिंत आवडायची. तसं तिला कधी सांगितलं मात्र नाही.

एकदा बंगल्याच्या कामावरचा मुकादम दोन माणसं घेऊन आमच्याकडं जेवायला आला. भिंतीकडं बघून तो हसत म्हणाला, "काय धोंडीराम, जगाच्या घरी विलायती कागद आन तुझ्या घरी डाव्या हाताचं सारवण व्हय?" दोघं खिदळले. मला ते झोंबलं. आत चुलीपाशी बसलेल्या बजाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "डाव्या हातानं सारवलेल्या घरात हितनं पुढं मी जेवणार न्हाय." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ भागलं असतं. दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर मी बंगल्यावरून उरलेला गुलाबी फुलांचा कागद आणला आणि तिच्या भिंतीवर चिकटवून टाकला.

बाजारातून आली तेव्हा पाटी तिच्या डोक्यावरच होती. तिनं भिंत बघितली. "बरं दिसतंय," एवढंच म्हणाली. नागपंचमीला तिचा भाऊ हिंदुराव न्यायला आला. ती त्याच्याबरोबर माहेरी गेली ती गेलीच.

मी गेलो नाही, कुणाला धाडलंही नाही. त्यांच्याकडूनही निरोप नाही. आमचा संसार असा भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला. पहिलं वर्ष रागात गेलं. दुसऱ्या वर्षी राग सरला आणि घर खायला उठलं. भाकरी थापायला शिकलो, पण ती थापताना हटकून वाटायचं, आता बजा मागून हसेल. एका दुपारी मला राहवलं नाही. निदान तिची भिंत तरी बघावी म्हणून मी तो कागद सोलून काढला. पण माझी खळ पक्की. कागदाबरोबर सारवणाचा पापुद्राही निघून आला आणि भिंतीवर नुसते कच्च्या विटांचे डाग राहिले. कमानी सगळ्या कागदाच्या पाठीला चिकटलेल्या होत्या. उलट्या छापात तिचा डावा हात उजवा झाला होता. लोकांना हवा होता तसा. मी जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

मग स्वदेशीचं वारं आलं. विलायती कागद लावलेल्या घरापुढं लोक थांबून नावं ठेवू लागले आणि माझ्या गुंडाळ्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. त्याच सुमारास नवी पेठेतले कापडाचे व्यापारी सिद्रामप्पा यांनी मला बोलावलं. त्यांनी नवीन बैठक बांधली होती. माणूस कानडी वळणाचं मराठी बोलायचा आणि एकदा मनात घेतलं की सोडायचा नाही.

"कागदबिगद नको," ते म्हणाले. "करमाळ्यात एका अडत्याच्या घरात मी भिंत बघितली की रे. मातीचीच, पण काय सांगू, नांगरलेलं रान उभं केल्यासारखं! तसलीच पायजे मला. तू जाऊन बघून ये."

करमाळा म्हटल्यावर बजाबाईचं माहेर आठवलं. तरी गेलो. रेल्वेनं जेऊर, तिथून बैलगाडी. अडत्यानं मला बैठकीत नेलं आणि मी दारातच थबकलो.

खाली काळसर मातीचा पट्टा, त्यावर काव मिसळलेली तांबूस माती, वर पांढरी. सीना नदीच्या वाळूचे कण मध्येमध्ये चमकत होते. बोटांच्या रेघा टेकाडाला वळसा घालून नांगर फिरावा तशा भिंतभर फिरल्या होत्या. अडत्या कौतुक सांगत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. मी पुढं होऊन रेघांत माझी चार बोटं घातली. त्या उलट्या कलल्या होत्या. शेवटची रेघ बारीक होती.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"हाय एक बाई. भावाजवळ ऱ्हाते, हितनं तीन कोसांवर," अडत्या म्हणाला. "नवऱ्यानं टाकलीय म्हनं."

मी टाकली नव्हती. पण त्याला ते कुठल्या तोंडानं सांगणार? मी तसाच चालत निघालो. तीन कोस मी एकच वाक्य घोकत होतो. 'बजा, चुकलो. घरी चल.' पायात काटा मोडला तरी थांबलो नाही.

हिंदुराव अंगणातच होता. "या दाजी," तो म्हणाला. "सहा वर्सांनी वाट घावली म्हनायची." त्यानं पाणी दिलं, पण बस म्हणाला नाही. गोठ्याच्या भिंतीशी बजाबाई उभी होती. हात कोपरापर्यंत मातीत, पदर खोचलेला, कानाजवळ चार केस पिकलेले. माझ्याकडं बघून तिनं डावा हात पटकन पाठीमागं लपवला. मला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

"कसं येनं केलंत?" तिनं विचारलं.

"सिद्रामप्पाच्या बैठकीत भिंत करायची हाय. अडत्याच्या हितं केलीस तशी."

तिनं हातातला मातीचा गोळा खाली ठेवला. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "भिंतीसाठी आलाय का माझ्यासाठी?"

हिंदुराव कमरेवर हात ठेवून ऐकत होता. मला त्याच्यासमोर नमायचं जिवावर आलं. तीन कोस घोकलेलं वाक्य बाजूला ठेवून मी म्हणालो, "भिंतीसाठी."

"मग भिंतीसाठी तर भिंतीसाठी," ती म्हणाली. "येते."

सिद्रामप्पांच्या पत्नी शांतम्मांनी तिची माजघरात सोय केली. आठ दिवस काम चाललं. तिनं सांगायचं आणि मी करायचं, असं आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी माती चाळायचो, पायांनी तुडवायचो, घमेली उचलून द्यायचो. "पानी लई झालं," ती म्हणायची, की मी भूस वाढवायचो. "अजून तुडवा," म्हणायची, की तुडवायचो. तिचा हात भिंतीवरून सुरकन फिरायचा आणि मी बघत राहायचो. एवढ्या जवळ होती की मातीचा वास आणि तिच्या केसांतल्या तेलाचा वास वेगळा करता येत नव्हता. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज संध्याकाळी एकटाच घरी जायचो.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं फडक्यातून भाकरी आणि ठेचा काढून माझ्यापुढं ठेवला. "जेवता न्हवं हितं?" तिनं विचारलं. समोर तिचीच ओली भिंत होती. मी मान खाली घालून जेवलो. असं पोटभर मी सहा वर्षांत जेवलो नव्हतो. तेव्हा तरी बोलायचं होतं! पण मी आणखी ठेचा मागितला.

सातव्या दिवशी तिनं हात चालू ठेवूनच विचारलं, "घरात चूल कोन पेटवतं?"

"मीच की."

"आन भिंती?"

उघड्या विटांचं काय सांगू? कागदाच्या पाठीचं, त्यापुढं बसून रडल्याचं काय सांगू? "हायत तशाच," मी म्हणालो. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुढं गेला.

आठव्या दिवशी सकाळी भिंत पुरी झाली. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की रेघांच्या सावल्या हलायच्या आणि खरोखर बाहेरचं रान आत आल्यासारखं वाटायचं. सिद्रामप्पांनी पेठेतल्या व्यापाऱ्यांना ती बघायला बोलावलं. बजाबाईची आगगाडी दुपारची होती. जेऊरला हिंदुराव बैलगाडी घेऊन येणार होता. पाहुणे पुढच्या दारानं आत जात होते तेव्हाच टांगा येऊन उभा राहिला. ती मागच्या बाकावर बसली. मी गाठोडं वर दिलं आणि त्याची गाठ हातातून सोडवेना.

"बजा," मी म्हणालो, "मी भिंतीसाठी आलो नव्हतो."

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्हून तर मी आले."

"मग उतर. घरी चल. चुकलं माझं."

तिचे डोळे भरून आले. तिनं टांगेवाल्याकडं बघितलं, दारात जमलेल्या लोकांकडं बघितलं. "आठ दिस मी भुईवरच हुते की," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज वाट बघितली. आज म्हनतील, आज म्हनतील. आता टांग्यात बसल्यावर चारचौघांत खाली उतरू व्हय? गेले बी मीच आन मागं फिरले बी मीच, असं हुईल." मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "तुमाला वर चढता येतं की."

तेवढ्यात बैठकीतून सिद्रामप्पांची हाक आली. "ए धोंडीराम! बा रे, ये लौकर, पावणे वाट बघतात!"

"आलो, आलो!" मी मोठ्यानं म्हणालो.

मी आत गेलो. मनात होतं, दोन मिनिटं तोंड दाखवावं, सिद्रामप्पांना सांगावं आणि निघावं. करमाळ्याला जायचं माझं पक्कं ठरलं होतं, देवाची शपथ. आत माणसं भिंतीला हात लावून बघत होती. एक म्हातारे सराफ म्हणाले, "वा! हात कुणाचा?" सिद्रामप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याचाच की!" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी हात जोडले. कुणी विचारलं माती कुठली, कुणी विचारलं किती दिवस टिकेल, सराफांनी त्यांच्या माडीवर यायचं आमंत्रण दिलं. मी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. बाहेर आलो तर दारात टांगा नव्हता. स्टेशनपर्यंत पळालो. गाडी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी टांगेवाला स्टेशनपाशी सापडला. "काल बाई काही बोलल्या का?" मी त्याला विचारलं.

तो घोड्याला दाणा घालत होता. "तुमी 'आलो, आलो' म्हनलात न्हवं का?" तो म्हणाला. "बाई लगीच सरकून बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं, तुमास्नी जागा केली. मला म्हनल्या, थांब जरा, येत्यात ते. लई वेळ थांबलो की. घोड्यानं सगळा चारा खाल्ला, तरी थांबलो. मग त्याच म्हनल्या, हाक टांगा."